चाकावर कोण होतं

माझी लेक पाचवीत आहे आणि तिच्या शाळेत दर वसंतात एक प्रकार असतो, त्याला वॅक्स म्युझियम म्हणतात. मेणबीण काही नसतं. पोरांनी इतिहासातला एकेक माणूस निवडायचा, त्याच्यासारखे कपडे घालायचे आणि शाळेच्या जिममध्ये भिंतीला पाठ लावून पुतळ्यासारखं उभं राहायचं. पायाशी लाल कागदाचं बटण चिकटवलेलं असतं. आपण पालकांनी त्यावर पाय ठेवला की पुतळा जिवंत होतो, एक मिनिट स्वतःची माहिती सांगतो आणि परत गप्प होतो. पालक म्हणून आपलं काम एवढंच, की आपला पुतळा शेजारच्या पुतळ्यापेक्षा भारी दिसला पाहिजे. हे शाळेच्या पत्रकात नव्हतं. पण अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये राहायचं तर पत्रकात नसलेलं वाचता यायला लागतं.

यंदाचा विषय होता दर्यावर्दी. मी लगेच कंबर कसली. पृथ्वीची पहिली फेरी ज्याच्या नावावर सांगतात तो पोर्तुगीज कप्तान मी लेकीसाठी पक्का केला आणि मखमली अंगरखा, पिसाची टोपी आणि एक पितळी दुर्बीण ऑर्डर करून मोकळी झाले. दुर्बिणीचा शोध तेव्हा लागायचाच होता, हे मला नंतर लेकीकडून कळलं.

ती शाळेतून आली आणि म्हणाली, "मी कॅप्टन नाही होणार. कॅप्टन ऑलरेडी तीन आहेत. मी त्याचा स्लेव्ह होणार." ती हे सगळं इंग्रजीत बोलते. मराठी तिला कळतं सगळं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी इथे मराठीत लिहिते आहे, कारण लिहिणारी मी आहे.

"गुलाम?" मी म्हटलं. "अगं, एवढ्या मोठ्या इतिहासात तुला दुसरं कुणी नाही सापडलं? मी टोपी मागवली आहे!"

"रिटर्न कर," लेक म्हणाली.

मग मी डिशवॉशर लावत असताना तिने मला त्या माणसाची गोष्ट ऐकवली. तो मलायाकडचा. पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकलं तेव्हा हा कप्तान त्या फौजेत होता, त्याने याला तिथून गुलाम म्हणून उचललं, आफ्रिकेला वळसा घालून युरोपात नेलं, बाप्तिस्मा देऊन नवं नाव ठेवलं. मूळ नाव कुणी विचारलं नाही, म्हणून कुठे लिहिलेलंही नाही. पुढे स्पेनच्या राजाची जहाजं घेऊन कप्तान पश्चिमेकडे निघाला तेव्हा यालाही बरोबर घेतलं, दुभाषा म्हणून. अटलांटिक झाला, अमेरिकेचं खालचं टोक झालं, मग तो संपता न संपणारा पॅसिफिक. लोकांनी उंदीर खाल्ले, शिडाच्या काठ्यांवरचं चामडं भिजवून खाल्लं. आणि एक दिवस, आज ज्याला फिलिपिन्स म्हणतात तिथल्या एका बेटाजवळ, समोरून होडी आली. याने होडीतल्या माणसांना आपल्या भाषेत हाक मारली आणि त्यांना ती कळली.

"म्हणजे आई, तो वेस्टला जात जात परत आपल्या लोकांजवळ आला. कॅप्टनच्या आधी. सगळ्यांच्या आधी!"

पुढची गोष्ट आणखी कडू आहे. कप्तानाने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, की मी मेलो की हा माणूस मोकळा. थोड्याच दिवसांत कप्तान तिथल्या एका लढाईत मारला गेला. मागे उरलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, मोकळा कसला, ऊठ आणि किनाऱ्यावर जाऊन दुभाष्याचं काम कर, स्पेनला पोचलो की तुला कप्तानाच्या बायकोच्या ताब्यात देणार आहोत. तो उठला आणि गेला. तिथल्या राजाशी काय बोलला कोण जाणे, पण राजाने अधिकाऱ्यांना जेवायला बोलावलं आणि जेवणातच बऱ्याच जणांचा निकाल लागला. त्यानंतर त्याचं काय झालं, कुणाला माहीत नाही. तिथून तो जर आपल्या गावी पोचला असेल, तर पृथ्वीची अख्खी फेरी मारणारा जगातला पहिला माणूस तोच. पण तसं लिहून ठेवणारा कुणी तिथे नव्हता.

मी म्हटलं, "ते सगळं ठीक आहे, पण त्याचं चित्र नाही, मग कपडे काय घालायचे?" माझी अक्कल किती खोल आहे, ते यावरून लक्षात यावं.

"मलाक्का?" टेबलापाशी शेंगा निवडत बसलेले बाबा म्हणाले. "तिकडे काय गंमत नाय हां. दोन्ही अंगांनी बोटी. डोळ्यांत तेल घालून चाक धरावं लागतं."

हे माझे बाबा. रत्नागिरीकडचे. आई गेल्यावर पहिल्यांदाच माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते, तेही मी चार वेळा भांडल्यावर. अडतीस वर्षं ते जहाजावर होते. सगळी वर्षं सुकाणी म्हणून. सुकाणी म्हणजे जहाजाचं चाक हातात धरणारा खलाशी. कॅप्टन किंवा बंदराचा वाटाड्या पायलट शेजारी उभा राहून हुकूम देतो, हा चाक फिरवतो. सुएझ, पनामा, मलाक्का, कुठली अरुंद वाट म्हणाल तिथून त्यांनी जहाजं काढलेली आहेत. इथे आल्या आल्या त्यांनी आमच्या घरामागचा लाकडी डेक बघितला आणि त्यांना फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बादली आणि खराटा घेऊन ते डेक धुवायला लागले. शेजारची बाई मला विचारून गेली, की तुमच्याकडे ही धार्मिक पद्धत आहे का. मी हो म्हटलं.

तर गोष्ट अशी आहे, की बाबा सुकाणी होते हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मी खोटं बोलले नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता ते खरं वाटायला लागलंय. पुण्याला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा हॉस्टेलवर मैत्रिणींनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, मर्चंट नेव्हीत आहेत. एकीने लगेच, "अय्या, कॅप्टन?" मी हसले. बस, एवढंच केलं. पुढे लग्न ठरताना माझ्या मामाने सासरच्या मंडळींना तेच सांगितलं, मर्चंट नेव्ही. कोकणातला माणूस म्हणाला मर्चंट नेव्ही, की पुण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पांढरा गणवेश आणि खांद्यावर सोनेरी पट्टे येतात. ते पट्टे मी लावले नाहीत. मी फक्त काढले नाहीत. लग्नानंतर नवऱ्यासमोर, सासूबाईंसमोर मी बाबांचा विषय काढताना "जहाजावर असताना बाबा", "त्यांचं जहाज" असं बोलायला लागले. त्यांचं जहाज! जसं काही ते त्यांच्या परसात बांधून ठेवलेलं होतं.

अमेरिकेत आल्यावर तर विचारायलाच नको. इथे प्रत्येकाचे वडील भारतात आहेत आणि भारतात असलेले वडील दर वर्षी एकेक पायरी वर चढतात. हेड क्लार्कचा मॅनेजर होतो, तलाठ्याचा कलेक्टर ऑफिसातला मोठा माणूस होतो. माझे बाबा फार तर चार पायऱ्या चढले असतील. आणि बाबांचा स्वभावही असा, की विचाराल तेवढंच उत्तर. किती वर्षं होता? अडतीस. जग किती वेळा फिरलात? मोजलं नाय. वादळात काय करायचे? उभा राहायचो. इतकं सगळं खरं बोलून माणूस कॅप्टन ठरत असेल, तर त्यात कुणाचा काय दोष!

दोष ओढवून घेतला तो आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी. आम्ही त्यांना काकू म्हणतो. बाबा त्यांना देशी दुकानात ओल्या नारळांच्या ढिगापाशी भेटले, नारळ कानाशी धरून हलवत असताना, आणि काकूंनी तिथल्या तिथे पाडव्याच्या कार्यक्रमातली अर्ध्या तासाची मोकळी जागा भरून टाकली. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लायर आलं. वर गुढी, खाली नांगर, मधे लिहिलेलं: सात समुद्रांचे साक्षीदार, कॅप्टनकाकांशी गप्पा. मुलाखतकार म्हणून माझं नाव. फ्लायरवर एक दाढीवाला गोरा कॅप्टन पाइप ओढत होता.

चोराच्या मनात चांदणं. मी काकूंना फोन केला, म्हटलं बाबांना स्टेजची सवय नाही, कॅन्सल करूया का? काकू म्हणाल्या, "अगं, जहाज चालवणाऱ्या माणसाला स्टेजची कसली भीती?" जहाज चालवायचे हे तर खरंच होतं.

आता राहिले बाबा. त्यांना सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? बाबा, मी वीस वर्षं तुम्हाला कॅप्टन म्हणून खपवलं, कारण सुकाणी म्हणायची लाज वाटली? हे वाक्य तोंडातून बाहेर काढायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर हात उगारण्यासारखं होतं. मी रोज उद्यावर ढकलत राहिले. कामाच्या ठिकाणी मी इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, बरं का. त्यात मी फार कडक समजली जाते.

इकडे आजोबा-नातीची तालीम जोरात होती. पुतळ्यासारखं न हलता कसं उभं राहायचं, हे लेकीला जमत नव्हतं. बाबा म्हणाले, "ये बाय, हे तर माझं काम." त्यांनी तिला स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं, पाय थोडे फाकवून, गुडघे किंचित सैल, आणि हातात चाक म्हणून पोळपाट दिला. लेक इंग्रजीत विचारायची आणि बाबा अर्धं मराठीत, अर्धं जहाजावरच्या इंग्रजीत उत्तर द्यायचे. दोघांचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं.

"चाकावर बोलायचं नाय," बाबा सांगत होते. "ऑर्डर आली, स्टारबोर्ड टेन, म्हणजे उजवीकडे दहा डिग्री. की आपण मोठ्याने तीच ऑर्डर परत म्हणायची. स्टारबोर्ड टेन, सर! मग चाक फिरवायचं. मधे आपलं डोकं लावायचं नाय."

"का?"

"कारण सांगणाऱ्याला कळलं पाहिजे, की माणसाने बरोबर ऐकलंय."

लेक दोन मिनिटं पोळपाट फिरवत राहिली. मग थांबली. "पण आजोबा, तुम्ही तर कॅप्टन होता ना? मग ऑर्डर तुम्ही द्यायचे ना?"

मी फोडणी देत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, प्रश्नानेही नाही. पुढे काय करायचं, हे सांगणाऱ्याकडे माणूस बघतो तसं.

आणि मी, डोंबल माझं, मोहरी तडतडत असताना म्हटलं, "हो गं. आजोबा कॅप्टनच होते. कॅप्टनला सगळं यावं लागतं."

"आजोबा कॅप्टन होते," बाबा म्हणाले. स्वच्छ, मोठ्याने, एकही अक्षर न गाळता. मग ते उठले, बादली घेतली आणि सकाळी धुतलेला डेक परत धुवायला गेले.

मला कळलं. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? लेकीला त्यांनी नुकतंच जे शिकवलं होतं, तेच त्यांनी माझ्यासमोर करून दाखवलं होतं. फोडणी जळली. मी ती ओतून दिली आणि नवी केली. बाहेर जाऊन बाबांना काही म्हणाले मात्र नाही. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी चीड आली, तेवढी कुणाचीच कधी आली नसेल. तरीही म्हणाले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ इतकी वर्षं झाकून झाकून माझी बोटं आखडली होती, आता उघडायचं म्हटलं तरी उघडेनात.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला विचारलं, "शनिवारी पाडव्याला काय घालू? जावईबापूंचा पांढरा शर्ट येईल काय मला?"

मी आणून दिला. बाबांनी तो स्वतः इस्त्री केला, कॉलर दोनदा. नंतर बघते तर ते आरशासमोर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. अडतीस वर्षं ज्यांच्या शेजारी उभे राहिले, ते कसे उभे राहतात हे आठवून आठवून करत होते. हुबेहूब कॅप्टन! मी दारातूनच मागे फिरले.

शुक्रवारी म्युझियम होतं. गुलामाच्या कपड्यांचा प्रश्न बाबांनीच सोडवला होता. त्यांनी आपली एक चौकड्याची लुंगी मधोमध कापून तिला गुंडाळून दिली. मलायाकडचे लोक असंच नेसतात, मी बघितलंय, म्हणाले. तर अशी माझी लेक, लुंगी नेसून, डोक्याला फडकं बांधून, अनवाणी उभी. तिच्या एका बाजूला पिसाच्या टोपीतले दोन कप्तान, दुसऱ्या बाजूला तिसरा. कप्तानांच्या बटणांवर पालकांची रांग लागलेली. आमच्या बटणावर कुणी पाय ठेवेना. एक बाई आली, फलक वाचला, त्यावर नुसतं "दुभाषा" लिहिलेलं बघून कप्तानाकडे गेली. मी तिला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या, की त्या लिहिता यायच्या नाहीत. मग माझ्या लक्षात आलं, की ती बाई जे करत होती त्यात मी वाकबगार आहे.

बाबांनी बूट काढला आणि मोज्यातला पाय अलगद बटणावर ठेवला. देवळात जाताना ठेवतात तसा.

पुतळा बोलायला लागला. मी या जहाजावर आहे, पण माझं खरं नाव जहाजाच्या वहीत नाही. मला तीन-चार भाषा येतात, म्हणून सगळ्यांचं बोलणं माझ्या तोंडून जातं. कप्तानाने मला सोडायचं वचन दिलं होतं. नंतरच्यांनी ते पाळलं नाही. मी कदाचित जगाला फेरी मारणारा पहिला माणूस आहे. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल.

मिनिट संपलं. बाबांनी परत पाय ठेवला. लेकीने परत सगळं सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा पाय ठेवला. मागे एक माणूस उभा राहिला, मग दुसरा. बघता बघता आमच्याही बटणाला रांग लागली. आपल्या लोकांचं आणि अमेरिकनांचं एका बाबतीत सारखं आहे, रांग दिसली की थांबतात.

तिसऱ्या खेपेनंतर बाबांनी पुतळ्याला विचारलं, "मग? घरी पोचला काय तो?"

पुतळ्याने बोलायचं नसतं. तरी लेक ओठ न हलवता पुटपुटली, "नोबडी नोज, आजोबा."

"पोचला असणार," बाबा म्हणाले. "तिकडचं पाणी त्याच्या ओळखीचं. पण घरी जाऊन तो काय सांगत बसला नसेल. घरच्यांनीच चारचौघांत सांगितलं असेल, आमचा माणूस कप्तान होता म्हणून." आणि ते हसले. मनापासून. त्या हसण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण मला तो मार देण्यासाठीही ते बोलले नव्हते, ते फक्त त्या माणसाची काळजी करत होते.

शनिवारी देवळाच्या हॉलमध्ये पाडवा झाला. लेझीम झालं, मुलांचे नाच झाले, श्रीखंडाच्या वाट्या फिरल्या. मग स्टेजवर दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. बाबा पांढऱ्या शर्टात ताठ बसले. काकूंनी माझ्या हातात माइक दिला. पहिल्या रांगेत नवरा, मांडीवर लेक. माझ्या कागदावर पहिला प्रश्न होता: कॅप्टन म्हणून आपला पहिला प्रवास कुठला? तो मीच लिहिला होता, इतकी मी निर्लज्ज.

माइक हातात आला आणि माझं पित्त खवळलं. कुणावर म्हणाल, तर त्या फ्लायरवरच्या पाइपवाल्यावर, माझ्या मामावर, पुण्यावर, आणि सगळ्यांत जास्त त्या फोडणी देणाऱ्या बाईवर. मी म्हटलं, "एक दुरुस्ती आहे. माझे बाबा कॅप्टन नव्हते. ते सुकाणी होते. चाकावर उभे राहायचे. कॅप्टन आहेत असं तुम्हाला वाटलं, कारण मी तसं वाटू दिलं. वीस वर्षं. मला लाज वाटायची, म्हणून."

मी वीज पडायची वाट बघत होते. मागून काकूंचा आवाज आला, "अगं, पण फ्लायर गेलंय सगळीकडे!"

पुढच्या रांगेतले नागपूरचे एक काका हातातली वाटी खाली ठेवून म्हणाले, "ते राहू द्या हो ताई. मंग जहाज चालवाचं कोन?"

"मी," बाबा म्हणाले.

लोक हसले, टाळ्या वाजल्या आणि संपलं. माझ्या वीस वर्षांच्या पापाची कुणी साधी चौकशीसुद्धा केली नाही. लोकांना पनामाचा कालवा ऐकायचा होता, चाचे दिसले का ते विचारायचं होतं, जहाजावर मासे मिळतात का हे हवं होतं. बाबा अर्ध्या तासाचे तासभर बोलले. तेही त्यांचा पहिला राग गेल्यावर, कारण खुर्चीतून माझ्याकडे झुकून ते आधी कुजबुजले होते, "अगो, मी कॅप्टनाची तयारी करून आलो होतो." शेवटी काकूंनी शाल दिली आणि कॅप्टनकाकांचे मनःपूर्वक आभार मानले. जित्याची खोड, दुसरं काय!

परत येताना नवरा गाडी चालवत होता, बाबा पुढे, मी आणि लेक मागे. मी नवऱ्याच्या बोलण्याची वाट बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "तुला राग आला असेल तर बोल एकदाचा."

"राग कसला?" तो म्हणाला. "मला लग्नाआधीपासून माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बाबा सुकाणी होते ते. अगं, आईने चौकशी केली नसेल का? तिची मावसबहीण रत्नागिरीलाच होती. आई तर म्हणाली होती, माणूस कष्टाचा आहे, मुलीला शिकवलंय, आणखी काय बघायचं. मग तूच कॅप्टन-कॅप्टन असल्यासारखं बोलायला लागलीस, तेव्हा आई म्हणाली, तिला बरं वाटतंय ना, मग आपण कशाला काढायचं. तुला वाईट वाटू नये म्हणून, यार."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्यांच्यापासून लपवत होते, ते सगळे मिळून माझ्यापासून लपवत होते. मी कपाळावर हात मारून घेतला आणि मला हसूच फुटलं. नवराही हसायला लागला. लेक काही न कळता आमच्यात सामील झाली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी छातीवरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. "तुमच्या आईंना ठाऊक होतं?" त्यांनी जावयाला विचारलं.

"हो बाबा. पहिल्यापासून."

एक सिग्नल गेला. दुसरा लाल होता, तिथे गाडी थांबली.

"मग मी बारशाला आलो असतो," बाबा म्हणाले.

लेकीचं बारसं पुण्याला सासरी झालं होतं. बाबा नव्हते. "पण तुम्ही तेव्हा जहाजावर होता," मी म्हटलं. "शेवटची एक ट्रिप मिळाली म्हणून फोन केला होतात ना?"

"जहाज कुठलं गो," बाबा म्हणाले. "घरीच होतो. बॅग भरली होती. पाळण्याला लावायच्या चिमण्याही आणून ठेवल्या होत्या. मग म्हटलं, लग्नात विचारलं तसं परत चार माणसं विचारणार, काय हो, कुठल्या बोटीवर कॅप्टन होता? मला काय खोटं नीट बोलता येत नाय. तुझं सासर नवं." त्यांनी पट्टा सोडला आणि परत धरला. "असूंदे. आता काय त्याचं."

लेकीने दोघांकडे बघितलं आणि मग मला विचारलं, बारसं म्हणजे काय. मी सांगितलं, तुझं नाव ठेवलं तो दिवस.

"आणि आजोबा आले नव्हते?"

"नव्हते."

"व्हाय?"

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. या वेळी त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही.

"माझ्यामुळे," मी म्हटलं.